सोमवारचा ब्लॉक भुगा का होतो: एम्बेडिंग लांबवायचं असेल तर टिश्यू कुठं थांबवावा

पॅथॉलॉजी लॅबमधली ही तक्रार बहुतेक सोमवारीच येते. मंगळवार ते शनिवार मायक्रोटोमवर (पातळ चकत्या कापणाऱ्या यंत्रावर) मुकाट रिबन (चकत्यांची सलग पट्टी) देणारे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले टिश्यूचे तुकडे, सोमवारी ब्लेडखाली करकरायला लागतात. सेक्शनमध्ये (कापलेल्या चकतीत) धारेला समांतर बारीक भेगा दिसतात, गॅस्ट्रिक बायोप्सीचा सरळ भुगा होतो, आणि गर्भाशयाच्या स्नायूसारखा मुळातच घट्ट तुकडा असेल तर शिळ्या शंकरपाळ्यावर सुरी चालवल्यासारखा आवाज येतो. टेक्निशियन ब्लेड बदलतो, अँगल बदलतो, मेणाच्या कंपनीला नावं ठेवतो. मंगळवारी सगळं आपोआप बरं होतं आणि पुढच्या सोमवारपर्यंत विषय मागे पडतो.

इंदूरमध्ये या सोमवाराच्या जोडीला आणखी काही दिवस आहेत. रंगपंचमीला स्थानिक सुटी असते. गेर (रंगांची मिरवणूक) निघाली की राजवाड्याच्या बाजूनं कामावर पोचायचा विचारही कुणी करत नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांच्या मिरवणुका) रात्रभर चालतात, त्यामुळे सकाळी आठला एम्बेडिंगला (टिश्यू साच्यात ठेवून मेणाचा ब्लॉक ओतायला) बसणारा माणूस दुसऱ्या दिवशी दहाच्या आधी उगवत नाही. दिवाळीचं तर विचारूच नका. प्रोसेसर (टिश्यूतलं पाणी काढून त्यात मेण भरणारं यंत्र) आपल्या वेळेवर संपतो, माणूस आपल्या वेळेवर येतो, आणि मधले तास टिश्यू कशात बसून काढतो याकडे कुणाचं लक्ष नसतं.

आधी खात्री करा: दोष उशिराचाच आहे का

ब्लॉक नीट कापला जात नाही एवढ्यावरून उशिराला दोष देऊ नका. उलट्या कारणानंही, म्हणजे प्रोसेसिंग कमी पडल्यानंही, ब्लॉक त्रास देतो, आणि दोन्हींचे इलाज अगदी विरुद्ध आहेत.

ब्लॉक थंड झाल्यावर टिश्यूच्या जागी पृष्ठभाग खोलगट झाला असेल, नखानं दाबल्यावर मऊ लागत असेल, झायलीनचा (अल्कोहोल काढून मेणाला वाट करून देणाऱ्या द्रावणाचा) वास येत असेल, किंवा सेक्शन पाण्यावर सोडल्याबरोबर मधोमध फाटून विस्कटत असेल, तर आत पाणी किंवा झायलीन राहिलं आहे. मेण आत शिरलेलंच नाही. चरबीचे जाड काप, चार मिलिमीटरपेक्षा जाड ग्रॉसिंग (नमुन्यातून काप घेणं), कॅसेट (टिश्यू ठेवायची जाळीदार डबी) ठासून भरणं, आठवडाभर न बदललेलं अल्कोहोल ही त्याची नेहमीची कारणं. शनिवारी घाईघाईत ग्रॉसिंग होतं आणि काप जाड पडतात, त्यामुळे हा दोषही सोमवारीच उगवतो आणि लोक त्याला उशिराच्या खात्यात टाकतात.

उशिराचा टिश्यू वेगळा दिसतो. तो आकसलेला असतो, त्याच्या कडेला आणि मेणाच्या मधे बारीक फट दिसते, रंग गडद तपकिरी होतो, ट्रिमिंग करताना (ब्लॉकचा वरचा थर छाटताना) रिबन न येता पावडर पडते. ब्लॉकचा कापलेला पृष्ठभाग बर्फाच्या पाण्यात दहाएक मिनिटं ठेवला आणि पहिले चार-पाच सेक्शन बरे आले, मग पुन्हा भेगा सुरू झाल्या, तर निदान जवळजवळ पक्कं समजा. टिश्यू जादा कोरडा झाला आहे, पृष्ठभागानं थोडं पाणी पिऊन घेतलं की तेवढ्या थरापुरता तो मऊ होतो.

आणखी एक चाचणी मला सगळ्यांत भरवशाची वाटते: त्याच बॅचमधले मोठे ब्लॉक आणि छोट्या बायोप्सी शेजारी ठेवून बघा. बायोप्सींचा भुगा आणि मोठे ब्लॉक ठीक, तर जादा प्रोसेसिंग. मोठे ब्लॉक खोलगट आणि बायोप्सी ठीक, तर कमी प्रोसेसिंग. दोन्ही वाईट असतील तर आधी मेणाचं तापमान तपासा.

तापमान तपासायचं ते यंत्राच्या आकड्यावरून नाही. वेगळा थर्मामीटर मेणात बुडवून बघा. ५८ ते ६० अंश वितळबिंदूच्या मेणाला ६० ते ६२ अंशांचं भांडं पुरतं. जुन्या यंत्राचा थर्मोस्टॅट ६२ दाखवतो आणि आत मेण ६८ वर उकडत असतं, हे प्रकार दुर्मीळ नाहीत. हिस्टॉलॉजीच्या मेणात प्लॅस्टिक पॉलिमर मिसळलेले असतात, तेही फार तापवून बिघडतात. माझं मत विचाराल तर सोमवारच्या निम्म्या तक्रारींत खरा गुन्हेगार सुटी नसून थर्मोस्टॅट असतो. सुटीमुळे फक्त त्याला काम करायला जादा तास मिळतात.

रविवारचं गणित

बारा भांड्यांच्या गोल प्रोसेसरचं साधं वेळापत्रक घेऊ. फॉर्मॅलिनची (टिश्यू टिकवणाऱ्या द्रावणाची) दोन भांडी, ७० टक्के अल्कोहोल, ९० टक्के, मग शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलची तीन, झायलीनची तीन: दहा भांडी, प्रत्येकी एक तास. मग मेण, पहिल्यात दोन तास, दुसऱ्यात तीन. एकूण पंधरा तास.

शनिवारी संध्याकाळी पाचला रन सुरू केला तर तो रविवारी सकाळी आठला संपतो. सोमवारी नऊला माणूस येतो. म्हणजे ठरलेल्या तीन तासांवर आणखी पंचवीस तास टिश्यू गरम मेणात. कागदावर मांडल्याशिवाय हा आकडा कुणाला खरा वाटत नाही.

नवी मुलं विचारतात, "ताई, मेण आत गेलंय, आता ते जास्त वेळ राहिलं तर काय बिघडतं?" प्रश्न योग्य आहे आणि उत्तरही थोडं सावध द्यायला हवं. टिश्यूला कडक करणारं मुख्य काम मेणाआधीच होऊन गेलेलं असतं. शुद्ध अल्कोहोल आणि झायलीन टिश्यूतलं मोकळं पाणीच नाही तर प्रथिनांना धरून बसलेलं पाणीही काढून घेतात. त्यानंतर साठच्या वरची उष्णता तासन्‌तास मिळाली की टिश्यू आणखी आकसतो, ठिसूळ होतो. तापमान काटेकोर असेल तर गर्भाशयाचा तीन मिलिमीटरचा काप एक रात्र जादा मेणात राहिल्यानं सहसा मरत नाही. पण एंडोस्कोपीची बायोप्सी, सुईची कोअर बायोप्सी, क्युरेटिंग्ज (गर्भाशयातून खरवडून काढलेले तुकडे) यांना पंचवीस तास म्हणजे शिक्षाच. त्यांना मुळात पंधरा तासांचा रनही जास्त होतो.

थांबवायची जागा सुरुवातीला

म्हणून पहिला इलाज असा की रन संपवून वाट पाहू नका, रन सुरू करायलाच थांबा. जवळजवळ प्रत्येक प्रोसेसरमध्ये उशिरा सुरुवात करायची सोय असते, आणि जवळजवळ प्रत्येक लॅबमध्ये ती कुणी वापरत नाही. शनिवारी पाचला बास्केट (कॅसेटची टोपली) पहिल्या फॉर्मॅलिनमध्ये उतरवा आणि विलंब पंचवीस तासांचा लावा. रन रविवारी संध्याकाळी सहाला सुरू होईल, सोमवारी सकाळी नऊला संपेल, आणि एम्बेडिंग सेंटर (ब्लॉक ओतायचं गरम मेणाचं यंत्र) तापलेलं असेल तर टिश्यू मेणातून निघून थेट मोल्डमध्ये (साच्यात) जाईल.

यात तीन गोष्टी बघाव्या लागतात. पहिल्या भांड्यातलं फॉर्मॅलिन सगळ्यांत वरच्या कॅसेटच्या वर असायला हवं. दिवसभर थांबायचं आहे, तेव्हा वरची रांग हवेत राहिली तर ती सुकणारच. फॉर्मॅलिन बफर केलेलं न्यूट्रल असायला हवं. आम्लधर्मी फॉर्मॅलिनमध्ये रक्ताळलेला टिश्यू फार वेळ राहिला की काळपट तपकिरी फॉर्मॅलिन पिगमेंट बसतं आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमना ते हिमोसिडेरिन (जुन्या रक्तस्रावातून उरणारं लोहाचं रंगद्रव्य) आहे की काय असा घोळ होतो. आणि बंद पद्धतीच्या, व्हॅक्यूमच्या यंत्रात विलंबाच्या काळात फॉर्मॅलिनला उष्णता बंद ठेवा. ते यंत्र बहुतेक तुम्हाला संपायची वेळच विचारतं, सुरुवातीची नाही. तिथं सोमवार सकाळ टाकली की बाकीचं गणित ते स्वतः करतं. त्याच यंत्राची एक खोड मात्र लक्षात ठेवा: रन संपल्यावर कुणी आलं नाही तर ते कॅसेट वितळलेल्या मेणातच धरून ठेवतं, हवे तितके तास, तक्रार न करता.

फॉर्मॅलिनचं भांडं जुनं, मळकट झालेलं असेल तर विलंबासाठी ७० टक्के अल्कोहोलही चालतं. शुद्ध अल्कोहोल आणि झायलीन मात्र थांबायच्या जागा नाहीत, कुठल्याही कारणानं नाहीत. फॉर्मॅलिनमधून थेट तीव्र अल्कोहोलमध्ये टाकायचा शॉर्टकटही नको. बफरमधले फॉस्फेटचे क्षार तिथं खाली बसतात, टिश्यूतही आणि यंत्राच्या नळ्यांतही.

स्तनाचे नमुने वेगळे मोजा

इथं घड्याळ दुसऱ्या बाजूनंही चालतं. स्तनाच्या कॅन्सरच्या ईआर, पीआर (हार्मोन रिसेप्टर) आणि हर-टू (एक प्रथिन) यांच्या चाचण्यांसाठी फॉर्मॅलिनमधला काळ ६ ते ७२ तास असावा, असं अमेरिकेतल्या एएससीओ (कर्करोगतज्ज्ञांची) आणि सीएपी (पॅथॉलॉजिस्टांची) या संस्थांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ईआर-पीआरसाठी ही मर्यादा २०१० मध्ये ठरली, आणि हर-टूसाठी २०१३ मध्ये; त्याआधी हर-टूची वरची मर्यादा ४८ तासांची होती. आपल्याकडेही पॅथॉलॉजिस्ट हीच मोजणी धरतात.

शनिवारी सकाळी अकराला ऑपरेशन झालं, नमुना लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडला, वर सांगितलेल्या विलंबानं तो रविवारी रात्री आठला फॉर्मॅलिनमधून बाहेर आला, तर ३३ तास झाले. उत्तम. शुक्रवारी चारचा नमुना असेल तर ५२. तोही ठीक. पण सोमवारीही सुटी असली आणि तुम्ही विलंब आणखी एक दिवस वाढवलात, तर शुक्रवारी चारचा नमुना सोमवारी रात्री आठला, म्हणजे ७६ तासांनी बाहेर येतो. मर्यादा ओलांडली. रिपोर्टवर फिक्सेशनचे (फॉर्मॅलिनमध्ये टिश्यू टिकाऊ होण्याचे) तास लिहायचे असतात, तिथं हा आकडा लपत नाही.

सलग सुटीत म्हणून स्तनाचे नमुने विलंबाच्या बास्केटमध्ये घालू नका. त्यांचं फिक्सेशन पूर्ण झालं असेल तर कॅसेट ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवून ठेवता येतात, फॉर्मॅलिनचं घड्याळ तिथं थांबतं. किंवा त्यांचा रन शनिवारीच लावा आणि पुढच्या पद्धतीनं, मेण गोठवून, थांबवा. ऑपरेशनच्या डब्यावर फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहिलेली नसेल तर यातलं काहीच मोजता येत नाही. त्यासाठी थिएटरच्या सिस्टरांशी गोड बोलावं लागतं, आणि ते वर्षभर पुन्हा पुन्हा बोलावं लागतं.

थांबवायची दुसरी जागा: गोठलेलं मेण

लोकांना हे सांगितलं की पटत नाही, पण मेण पूर्ण शिरलेला टिश्यू थंड, गोठलेल्या अवस्थेत सुरक्षित असतो. हवा लागत नाही, पाणी जात-येत नाही, उष्णता नाही. तयार ब्लॉक आपण वर्षानुवर्षं कपाटात ठेवतो ते याच जोरावर. तेव्हा रन संपल्यावर एम्बेडिंगला माणूस मिळत नसेल, तरी बास्केट मेणातून बाहेर काढायला कुणीतरी मिळालं तरी पुरे. ते काम अर्ध्या तासाचं आहे, त्याला एम्बेडिंग यायची गरज नाही. रविवारी सकाळी जवळ राहणारा कुणी दादा येऊन बास्केट उचलेल, मेण निथळू देईल, कॅसेट ट्रेमध्ये कागदावर सुट्या पसरून ठेवेल आणि घरी जाऊन पोहे-जिलबी खाईल. जाड हातमोजे मात्र हवेत, साठ अंशांचं मेण हातावर पडलं की चिकटून भाजतं.

कॅसेट एकमेकींवर रचून ठेवू नका; मेण गोठून त्यांचा एकच ठोकळा होतो आणि सोमवारी तो फोडताना झाकणं उडतात. मे महिन्यात इंदूरची बंद खोली चाळिशीच्या वर गेली तरी ५८ अंशांचं मेण वितळणार नाही, थोडं मऊ पडेल इतकंच. तरी ट्रे खिडकीच्या उन्हात नको. फ्रीजमध्ये ठेवायचीही गरज नाही.

पुन्हा वितळवताना जी चूक होते तिच्यामुळे ही पद्धत बदनाम झाली आहे. गोठलेली कॅसेट एम्बेडिंग सेंटरच्या गरम टाकीत टाकतात, वरचं मेण पाच मिनिटांत पाणी होतं, आणि माणसाला वाटतं झालं. आतला टिश्यू अजून थंड असतो. तो मोल्डमध्ये ठेवला की नवं मेण त्याच्याभोवती गोठतं पण त्याला जुळत नाही. मग कापताना टिश्यू ब्लॉकमधून सुटून बाहेर उडी मारतो, आणि पुन्हा दोष उशिराला. गोठलेल्या कॅसेटला २० ते ३० मिनिटं पूर्ण द्या, जाड चरबीच्या तुकड्याला थोडी जास्त. पण सगळी ट्रे एकदम टाकीत ओतू नका. जेवढ्या कॅसेट तासाभरात तुमच्या हातून एम्बेड होतील तेवढ्याच टाका. नाहीतर शेवटची कॅसेट दुपारपर्यंत गरम मेणात राहते आणि जे टाळायला इतका खटाटोप केला तेच होतं. बायोप्सी शेवटी टाका आणि आधी काढा.

एल-मोल्डवर (एल आकाराचे दोन तुकडे जुळवून केलेल्या साच्यावर) काम करणाऱ्यांना एक जादा सूचना: पितळेचे थंड मोल्ड असतील तर तळाचं मेण टिश्यू ठेवायच्या आतच गोठतं आणि ओरिएंटेशन (टिश्यू कुठल्या बाजूवर ठेवायचा ते) बिघडतं. मोल्ड आधी कोमट करून घ्या. हे रोजचंच आहे, पण पुन्हा वितळवलेल्या टिश्यूबरोबर जास्त जाणवतं.

बायोप्सींना वेगळं बसवा

सोमवारचा भुगा कायमचा बंद करायचा असेल तर बायोप्सी आणि मोठे नमुने एकाच बास्केटमध्ये घालणं थांबवावं लागेल. पंधरा तासांचं वेळापत्रक स्तनाच्या आणि चरबीच्या कापांसाठी बनलेलं असतं. दोन मिलिमीटरच्या एंडोस्कोपी बायोप्सीला प्रत्येक भांड्यात पंधरा-वीस मिनिटं पुरतात. शनिवारी सकाळी छोटा रन लावला तर बायोप्सी दुपारपर्यंत एम्बेड होतात, सुटीचा प्रश्नच उरत नाही, आणि रिपोर्टही लवकर जातो. यंत्र एकच आहे, दुपारी मोठ्या बास्केटसाठी हवं आहे, अशी अडचण सांगतात. खरं तर यंत्र शनिवारी दुपारपर्यंत रिकामंच असतं.

बिघडलेल्या ब्लॉकचं काय

जादा कडक झालेला टिश्यू पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. कापायचा तेवढा वेळ तो मऊ ठेवायचा, एवढंच आपल्या हातात असतं. ट्रिमिंग फार खोल करू नका, कारण बायोप्सीत मुळातच थोडा टिश्यू असतो. पृष्ठभाग नुसता उघडा पडला की ब्लॉक बर्फाच्या पाण्यावर उलटा ठेवा, पाच-दहा मिनिटांनी पुसून लगेच कापा, तीन-चार सेक्शन घ्या, पुन्हा पाण्यावर. रक्ताळलेल्या, करकरणाऱ्या तुकड्याला पाण्यात अगदी थोडा अमोनिया घातला तर फरक पडतो. नवी धार वापरा आणि हँडल हळू फिरवा. ब्लॉक वितळवून पुन्हा प्रोसेसिंगला घालायचा मोह आवरा. तो इलाज कमी प्रोसेसिंगच्या, खोलगट, मऊ ब्लॉकसाठी आहे, आणि तोही पॅथॉलॉजिस्टला विचारूनच. कडक टिश्यू पुन्हा झायलीन-अल्कोहोलमधून फिरवणं म्हणजे त्याचं उरलंसुरलं संपवणं.

आणि सुटीत वीज गेली तर

विलंबाच्या रनची ही खरी भीती, आणि ती रास्त आहे. रविवारी रात्री रन चालू असताना वीज गेली, टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये किंवा ७० टक्के अल्कोहोलमध्ये असेल तर काही बिघडत नाही. बास्केट एका भांड्यातून दुसऱ्यात जाताना हवेत अडकली तर टिश्यू सुकतो, हे सगळ्यांत वाईट. गोल यंत्राला म्हणून यूपीएस लावाच, तो मेणाची भांडी तापवू शकला नाही तरी बास्केट खाली उतरवण्यापुरता पुरतो. तिसरा प्रकार कुणाच्या लक्षात येत नाही: वीज बराच वेळ नसली की मेण गोठतं, वीज आल्यावर ते वितळायला तास लागतात, आणि बरीच यंत्रं तोवर बास्केट शेवटच्या झायलीनमध्येच धरून ठेवतात. सोमवारी सकाळी रन 'पूर्ण' दिसतो आणि टिश्यू झायलीनमध्ये चार तास जादा राहून आलेला असतो.

सोमवारी आल्या आल्या म्हणून चहाआधी यंत्राची नोंद उघडून प्रत्येक भांड्याची वेळ बघा. नोंद न ठेवणारं जुनं यंत्र असेल तर रन संपल्याची वेळ ठरलेल्या नऊशी ताडून बघा. ती अकरा-बारा आली असेल तर मधे कुठंतरी थांबा पडला आहे. अशा बॅचमधल्या बायोप्सी सगळ्यांत आधी एम्बेड करा, त्यांच्या ब्लॉकवर खूण करा, कापायच्या आधी बर्फाच्या पाण्यावर ठेवा, आणि पॅथॉलॉजिस्ट मॅडमना स्लाइड देतानाच थांब्याची वेळ सांगा.